कंपाउंड घेऊन शिकारीला जाताना: ब्रॉडहेड कोणतं आणि सराव कसा

तुम्ही मुलुंडचे, कंपाउंड, म्हणजे चाकं (कॅम) असलेलं धनुष्य, चालवता. धनुष्य ५४ पौंडांवर लावलेलं (ते ओढायला लागणारा जोर), ड्रॉ, म्हणजे दोरी ओढायची लांबी, २८ इंच, ५० मीटरवर बरेचसे बाण पिवळ्यात, म्हणजे लक्ष्याच्या मधल्या भागात. बहीण आणि भावजी न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर असतात, मार्च-एप्रिलमध्ये तुम्ही त्यांच्याकडे जाणार आहात आणि भावजींच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात हरणाच्या शिकारीचा बेत आहे. तुम्ही विचारलंय: ब्रॉडहेड, म्हणजे बाणाला लावायचं धारदार पात्यांचं शिकारी टोक (पुढे नुसतं ‘पातं’ही म्हणेन), फिक्स्ड (न हलणाऱ्या पात्यांचं) घ्यावं की मेकॅनिकल (उघडणाऱ्या पात्यांचं), १०० ग्रेनचं (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) की १२५, पाती दोन की तीन, आणि मुंबईत राहून त्याचा सराव करायचा कसा.

मी मुंबईत तिरंदाजी शिकवतो. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं न्यूझीलंडमध्ये होतो, तेव्हा तिथे धनुष्याने शिकार केली आहे. त्या दोन्ही बाजूंनी बघून लिहितोय. उत्तर लांबणार आहे, कारण पातं निवडणं हा तुमच्या प्रश्नातला सोपा भाग आहे. त्याच्या मागे बाण सरळ उडण्याचा आणि अंतराचा प्रश्न आहे, आणि जनावर हाल होऊन मरतं ते बहुतेक वेळा त्यापायी.

आधी कायद्याचं बोलून घेतो, कारण हे वाचणारे सगळेच विमानात बसणार नाहीत. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे वन्य प्राण्यांची शिकार गुन्हा आहे, मग ती बंदुकीने करा, फासक्याने करा की धनुष्याने. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तुमच्या मुलुंडला लागूनच आहे. तिथे चितळ आहेत, सांबर आहेत, बिबटे आहेत. उद्यानाच्या कडेला, येऊरला किंवा आरेमध्ये ‘नुसतं झाडावर मारून बघू’ म्हणूनसुद्धा ब्रॉडहेड नेऊ नका. न्यूझीलंडची गोष्ट वेगळी आहे. वटवाघळं सोडली तर तिथल्या जमिनीवर मूळचा सस्तन प्राणीच नव्हता. हरणं एकोणिसाव्या शतकापासून बाहेरून आलेल्या लोकांनी नेऊन सोडली. त्यांना खाणारं तिथे कोणी नाही आणि मूळ जंगलाची कोवळी रोपं ती फस्त करतात. त्यामुळे तिथला सरकारी संवर्धन विभाग शिकाऱ्यांना परवाना देतो, तोही ऑनलाइन आणि फुकट. खासगी रानात मालकाची परवानगी लागते. धनुष्याला बंदुकीसारखं लायसन्स लागत नाही. प्रत्येक देशाचं असंच असेल असं समजू नका. ब्रिटनमध्ये धनुष्याने वन्य प्राणी मारायला कायद्याने बंदी आहे. निघायच्या आधी भावजींना सध्याचे नियम एकदा नीट वाचायला सांगा.

आता तुमची खरी पहिली अडचण. ज्या बाणांनी तुम्ही ५० मीटर मारता, त्यांना ब्रॉडहेड बहुधा बसणारच नाही. स्पर्धेचे शाफ्ट (बाणाच्या नळ्या) बारीक असतात आणि त्यांचे पॉइंट (टोकं) आत गोंदाने चिकटवलेले असतात. शिकारीची पाती आट्यांची असतात, ती शाफ्टच्या तोंडाशी बसवलेल्या इन्सर्टमध्ये फिरवून घट्ट करायची असतात. शिवाय आपण टार्गेटवाले बाण आखूड कापून घेतो, पॉइंट रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकतो त्या टेकूच्या) जेमतेम पुढे राहील एवढे. त्या लांबीवर ब्रॉडहेड लावलं तर पूर्ण ड्रॉमध्ये पातं रेस्टवर किंवा धनुष्य धरलेल्या हाताच्या तर्जनीजवळ येईल. ही गोष्ट मी नवीन माणसाला सगळ्यात आधी सांगतो. पूर्ण ड्रॉमध्ये पातं रायझरच्या (धनुष्याच्या मधल्या, हातात धरायच्या भागाच्या) आणि बोटांच्या पुढे राहिलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. म्हणजे पात्यांच्या आधी तुम्हाला बाणांचा वेगळा संच करावा लागणार आहे.

तो कसा असावा? तुमच्या पौंडांना आणि ड्रॉला स्पाइन (शाफ्टचा ताठपणा) साधारण ४०० च्या आसपास येईल. (२८ इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर शाफ्ट ठेवून मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगलं आणि तो ०.४०० इंच वाकला, की तो ४०० चा शाफ्ट.) नेमकं काय लागेल ते बाणाच्या लांबीवर, कॅम किती कडक आहे त्यावर आणि पुढे किती वजन लावणार त्यावर ठरतं. पुढचं वजन वाढलं की सुटताना शाफ्ट जास्त लवतो, म्हणजे आहे त्यापेक्षा मऊ असल्यासारखा वागतो. १०० की १२५ याचं उत्तर इथेच दडलंय. १०० ग्रेनच्या पॉइंटवर नीट ट्यून झालेला, म्हणजे सरळ उडेल असा जुळवलेला, बाण १२५ लावल्यावर तसाच उडेल याची खात्री नाही. आधी शाफ्ट आणि पात्याचं वजन यांची जोडी ठरवा, मग धनुष्य ट्यून करा आणि त्यानंतर एक ग्रेनसुद्धा बदलू नका. तुमच्यासाठी मी १२५ ग्रेनचं पातं आणि ते पेलेल असा शाफ्ट घेईन. दुकानात १०० चेच चांगले पर्याय मिळाले तर १०० घ्या, त्याने शिकार बिघडत नाही.

वजनाबद्दल आपल्याकडे एक समज पक्का बसलेला आहे: हलका बाण, वेग जास्त, म्हणून बाण चांगला. ५० मीटरच्या मैदानावर ते एका मर्यादेपर्यंत खरं आहे. जनावराच्या बाबतीत हिशेब बदलतो. समजा तुमचा स्पर्धेचा ३३० ग्रेनचा बाण सेकंदाला २७० फूट जातो आणि त्याच धनुष्यावरून ४३० ग्रेनचा शिकारी बाण २४० फूट जातो. गतिज ऊर्जा पहिल्याची सुमारे ५३ फूट-पौंड, दुसऱ्याची ५५. जवळपास तेवढीच. पण संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, दुसऱ्याचा जवळजवळ १६ टक्क्यांनी जास्त आहे, आणि कातडी-बरगडीतून आरपार जाताना तो उपयोगी पडतो. वेगामुळे वाचणारा वेळ किती, तेही बघा. ३० मीटरला हलका बाण सुमारे ०.३६ सेकंद घेतो, जड बाण ०.४१. दोरीचा आवाज मात्र ०.०९ सेकंदातच जनावराच्या कानावर पडलेला असतो. म्हणजे दोन्ही बाण पोहोचायच्या आधी सावध हरणाला खाली दबून उसळी घ्यायला वेळ मिळतोच. त्या अर्ध्या दशांश सेकंदासाठी बाण हलका करण्यापेक्षा धनुष्य शांत करा. जड बाणाने ते आपोआप बऱ्यापैकी शांत होतं. तुमच्या धनुष्याला ४०० ते ४३० ग्रेनचा बाण मी योग्य समजतो.

आता पातं. बाण जनावराला रक्तस्रावाने मारतो. त्यात गोळीसारखा धक्का नसतो. धारदार पातं दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयातून गेलं, तर रक्तदाब इतक्या झटपट कोसळतो की जनावर काही सेकंदांत खाली बसतं. बोथट पातं रक्तवाहिन्या कापण्याऐवजी बाजूला ढकलतं. त्यामुळे फिक्स्ड-मेकॅनिकल वादाच्याही आधी धार येते. नवं पातं पाकिटातून काढलं म्हणजे ते धारदार असतंच असं नाही. मी रबरबँड सैल ताणून त्यावर पातं अलगद टेकवून बघतो. लगेच तुटला पाहिजे. घासावा लागला तर पातं सहाणेवर पाजळायचं किंवा पाती बदलायची. आणि फोमवर एकदा मारलेलं पातं तसंच परत शिकारीला वापरायचं नाही. फोम दिसायला मऊ असतो, पण धार खातो.

मेकॅनिकल पात्याची पाती उडताना मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात. मिटलेली असल्यामुळे ते जवळपास फील्ड पॉइंटसारखं (सरावाच्या साध्या टोकासारखं) उडतं आणि उघडल्यावर रुंद काप देतं, दोन इंचांपर्यंतही. जाहिरातीत हेच दाखवतात आणि त्यात खोटं काही नाही. फक्त पाती उघडायला आणि एवढा रुंद काप घेत आत जायला ऊर्जा लागते, आणि ती बाणाकडूनच जाते. ६५-७० पौंडांचं, लांब ड्रॉचं धनुष्य असेल तर ती परवडते. तुमच्या ५४ पौंडांवर मी ती खर्च करणार नाही. त्यात तिरक्या कोनात बरगडीवर लागलं तर एक पातं आधी उघडून बाणाची दिशा बदलण्याची शक्यता असते, आणि हलणारा भाग आला की तो न उघडण्याची शक्यताही आली.

म्हणून तुमच्यासाठी फिक्स्ड. रुंदी सव्वा इंचाच्या आत, १ १/८ इंच असेल तर उत्तम. टोकापासूनच कापत जाणारं घ्या. काही पात्यांना पुढे छिन्नीसारखं टोक असतं, ते हाड फोडायला बरं, पण कमी पौंडांवर सुरुवातीपासून कापणारं टोक सहज आत शिरतं. दोन की तीन? दोन पात्यांचं जास्त खोल जातं. तीन पात्यांच्या जखमेतून रक्त बाहेर पडणं सोपं जातं, त्यामुळे माग काढायला मदत होते. फॅलो हरीण आणि रानटी बोकड एवढंच मनात असेल तर छोटं तीन पात्यांचं चालेल. लाल हरणाचा मोठा नर समोर येण्याची शक्यता असेल, आणि मार्चअखेर ते एप्रिल हा तिथला त्यांचा माजाचा काळ आहे, तर दोन मोठी पाती आणि आडवी दोन छोटी, अशा रचनेचं पातं घ्या. एका बाजूने धार दिलेल्या जड पात्यांबद्दल तुम्ही वाचलं असेल. ती चांगली आहेत, पण पहिल्या शिकारीला त्या वाटेला जायची गरज नाही.

फिक्स्ड घेतलं की एक जबाबदारी अंगावर येते, आणि हाच माझ्या उत्तराचा मुख्य मुद्दा आहे. बाणाच्या शेपटाला व्हेन असतात, त्या बाण सरळ ठेवतात. ब्रॉडहेड लावलं की पुढच्या टोकालाही हवा पकडणारे पंख आले. बाण धनुष्यातून अगदी सरळ सुटला तर ते पंख गप्प राहतात. जरा तिरका सुटला तर पुढचे आणि मागचे पंख एकमेकांशी भांडतात आणि बाण भलतीकडे जातो. फील्ड पॉइंटने तुमचा हाच दोष वर्षानुवर्षं झाकून ठेवलेला असू शकतो, कारण व्हेन तो वाटेत दुरुस्त करतात. ५० मीटरवर पिवळ्यात मारणारा माणूस ब्रॉडहेड लावल्यावर ३० मीटरला वीतभर बाजूला मारतो, ते यामुळे. पाती बदलून हे सुटत नाही, धनुष्य ट्यून करावं लागतं.

सुरुवात कागदाने करा. चौकटीत ताणून लावलेल्या कागदातून साधारण दोन मीटरवरून मारा आणि छिद्र बघा. टोकाचं भोक आणि व्हेनच्या चिरा एकाच जागी आल्या पाहिजेत. मग व्हेन नसलेला बाण, म्हणजे बेअर शाफ्ट, १८ मीटरवर इतर बाणांसोबत मारा. तो ग्रुपमध्ये बसत असेल तर ब्रॉडहेडचं बहुतेक काम झालेलं असतं. हे सगळं मुंबईत, इनडोअर रेंजवर, कोणाला धोका न देता होतं. या तयारीत जो वेळ द्याल तोच पुढे जनावराच्या उपयोगी पडेल.

शेवटची खात्री खऱ्या पात्यांनी. २० मीटरवर दोन-तीन फील्ड पॉइंटचे आणि दोन-तीन ब्रॉडहेडचे बाण एकाच बिंदूवर नेम धरून मारा, पण पाती दुसऱ्या बाणाला कापू नयेत म्हणून एकेक बाण काढत जा आणि जागा टिपून ठेवा. दोन्ही ग्रुप वेगवेगळ्या जागी पडले तर साइटला (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाला) हात लावू नका. रेस्ट हलवा, तीही अगदी केसभर, आणि ब्रॉडहेडचा ग्रुप ज्या दिशेला न्यायचा आहे त्या दिशेला. ब्रॉडहेड डावीकडे पडत असतील तर रेस्ट थोडी उजवीकडे. खाली पडत असतील तर थोडी वर. मग परत मारा. ग्रुप जवळ येत गेले की ३० मीटरला जा, तिथे तोच फरक मोठा होऊन दिसतो. दोन्ही एकत्र आल्यावर साइट जुळवायची. एकच बाण सारखा वेगळा पडत असेल तर धनुष्याला दोष देऊ नका. तो बाण टोकावर उभा करून फिरवा. पातं डगमगताना दिसलं तर इन्सर्ट वाकडं बसलंय किंवा शाफ्टचं तोंड काटकोनात कापलेलं नाही. तो बाण सरावाला ठेवा, शिकारीच्या भात्यात नको. आणि कार्बनचा प्रत्येक बाण प्रत्येक वेळी हातात वाकवून, कानाजवळ धरून बघायचा. तडा गेलेला शाफ्ट सुटताना फुटून मनगटात घुसतो.

मुंबईत खऱ्या पात्यांनी कुठे मारायचं, हा तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग. माझं उत्तर आहे: कुठेच नाही, जोपर्यंत ब्रॉडहेडला चालणारं खास टार्गेट आणि मागे पूर्ण सुरक्षित बंदिस्त जागा तुमच्याकडे नाही. मैदानावरच्या गवताच्या आणि फोमच्या बट्रेस (लक्ष्यामागचे जाड ठोकळे) पात्यांनी चिरल्या जातात, क्लब ते चालवून घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. सोसायटीची गच्ची, पार्किंग, इमारतीमागची मोकळी जागा यांचा विचारही करू नका. कंपाउंडचा चुकलेला बाण दोनशे मीटरच्याही पुढे जातो आणि या शहरात दोनशे मीटरवर माणूस नाही अशी दिशा नाही. न्यूझीलंडला पोहोचल्यावर शिकारीच्या आधी तीन-चार दिवस मोकळे ठेवा आणि भावजींना ब्रॉडहेडचं टार्गेट आधीच आणून ठेवायला सांगा. विमानात धनुष्य हललेलं असू शकतं, त्यामुळे ते दिवस तसेही लागणारच.

तोवर मुंबईत सराव होतो तो पात्याच्याच वजनाच्या फील्ड पॉइंटने, नव्या जड बाणाने आणि शिकारीत असेल तशाच धनुष्याने. स्पर्धेचा तीस इंची स्टॅबिलायझर (धनुष्याचा तोल सांभाळणारा दांडा) झुडपात अडकतो. आठ-दहा इंचांचा लावा आणि त्याचा तोल अंगवळणी पाडा. पहाटे-संध्याकाळच्या अंधुक उजेडात बारीक पीपमधून (दोरीतल्या बघायच्या भोकातून) काही दिसत नाही, मोठं पीप लावा. भिंगाचा स्कोप काढून साधी पिनची साइट घ्या. रिलीज (दोरी सोडायचं हातातलं साधन) मात्र सवयीचाच ठेवा, शिकारीसाठी नवा शिकू नका.

सरावाची पद्धतही बदलायला लागेल. मैदानावर आपण भरपूर बाण मारतो, पहिले काही ‘वॉर्म-अप’ म्हणून मोजतच नाही. शिकारीत फक्त तो पहिलाच बाण असतो. म्हणून सकाळी मैदानावर गेल्यावर स्ट्रेचिंग नाही, सरावाचा बाण नाही, एक थंड बाण मारायचा, आणि तो कुठे लागला ते वहीत लिहायचं. त्याच्यानंतर नेहमीचा सराव करा, पण वहीत तो पहिलाच. लक्ष्य म्हणून नाश्त्याच्या कागदी डिशा वापरा, साधारण १८-२० सेंटीमीटरच्या. फॅलो हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण तेवढीच धरून चाला. तुमच्या ८० सेंटीमीटरच्या फेसवर (लक्ष्याच्या कागदावर) नऊची रिंग १६ सेंटीमीटरची असते आणि आठची २४, म्हणजे डिश त्या दोहोंच्या मध्ये बसते. डिशवर मधे ठिपका काढू नका. हरणाच्या अंगावर ठिपका नसतो, रिकाम्या जागेतला एक बिंदू डोळ्याने निवडायची सवय लागली पाहिजे.

त्याच्या जोडीला काही गोष्टी. गुडघ्यावर बसून मारा, कारण तिकडचं रान उताराचं आहे आणि शिकार बहुतेक पायी, दबकत जाऊन होते. पूर्ण ड्रॉ करून अर्धा मिनिट थांबा आणि मग सोडा. जनावर झाडाआडून एक पाऊल पुढे येईपर्यंत तेवढं थांबावं लागतं. पूर्ण ड्रॉ करून, नेम धरून, न सोडता परत खाली घ्यायचा सरावही करा. हे आपल्या मुलांना कोणी शिकवत नाही आणि शिकारीत ते सगळ्यात जास्त वेळा करावं लागतं. चढ-उतारावर कंबरेतून वाका, हात वर-खाली करू नका, आणि नेम आडव्या अंतराचा धरा. ३० अंशांच्या उतारावर ३० मीटरचं अंतर नेमाच्या दृष्टीने सुमारे २६ मीटर असतं. जड बाण लांब अंतरावर हलक्यापेक्षा जास्त खाली येतो, त्यामुळे रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घ्या आणि तरीही अंतर आधी डोळ्याने अंदाजून मग मोजा. शिवाजी पार्कात फेरी मारतानाही हे करता येतं: समोरच्या झाडापर्यंत किती, मनाशी आकडा, मग पावलं मोजायची.

आता अंतराची मर्यादा. वहीतले महिन्याभराचे थंड बाण काढा. ज्या अंतरावर दहापैकी नऊ डिशमध्ये आहेत, ते तुमचं मैदानावरचं अंतर. त्यातून आणखी कमी करायचं, कारण रानात छाती धडधडत असते, वारा असतो, पाय सपाट जमिनीवर नसतात. तुमच्यासारख्या चांगल्या टार्गेटवाल्याला मैदानावर ४५ मीटर येईल असं मी धरून चालतो, आणि पहिल्या शिकारीला मी त्याला २५ मीटरच्या पुढे सोडू देणार नाही. ५० मीटर मारणाऱ्याला हे फार कमी वाटतं, मला माहीत आहे. पण थर्मोकोलसारखं उभं राहणारं टार्गेट आणि श्वास घेणारं, कान फिरवणारं जनावर यांत बाण हवेत असतानाचा तो अर्धा सेकंद उभा असतो. हरीण बाण सोडल्यानंतर एक पाऊल टाकेल की नाही हे कोणाच्याच हातात नाही. अंतर मात्र तुमच्या हातात आहे.

कोन दोनच स्वीकारा. पूर्ण आडवं उभं असलेलं जनावर, किंवा जरा तिरकं होऊन तुमच्यापासून दूर तोंड केलेलं. आडव्यात पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर नेम. दूर तोंड केलेल्यात नेम थोडा मागे घ्या, म्हणजे बाण पलीकडच्या पुढच्या पायाकडे निघेल. समोरून किंवा तुमच्याकडे तिरकं असताना सोडू नका, मधे खांद्याचं हाड आणि छातीची टोकाची बाजू येते आणि ५४ पौंडांना ते झेपेल असं धरून चालता येत नाही. जनावराची चित्रं मिळवा, बाण कुठून शिरला तर कुठून निघेल ते पेन्सिलीने रेषा काढून बघा. यासाठी मैदानही लागत नाही.

बाण लागल्यावर धावू नका. जिथे जनावर उभं होतं आणि जिथे ते शेवटचं दिसलं, त्या दोन्ही जागा मनात पक्क्या करा, बाण शोधा आणि बाणावरचं रक्त वाचा. गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त म्हणजे फुप्फुस. अर्धा तास थांबून माग काढा. गडद लाल म्हणजे यकृत. चार तास तरी. हिरवट, वास येणारं म्हणजे पोट. आठ-बारा तास थांबावं लागतं, कारण लगेच मागे गेलात तर जखमी जनावर उठून लांब जातं आणि मग सापडतच नाही. हे थांबणं फार जड जातं. तरीही थांबायचं, आणि मग सापडेपर्यंत शोधायचं.

एक सुचवतो, मानणं न मानणं तुमच्यावर. पहिला बाण हरणावर ठेवू नका. तिथे रानटी बोकडांचे कळप खूप आहेत, तेही बाहेरून आणून सोडलेले, आणि शेतकऱ्याला ते कमी झालेले हवेच असतात. त्यांच्या जवळ जाता येतं, दिवसा दिसतात, आणि दबकत जाणं, थांबणं, न सोडता ड्रॉ खाली घेणं हे सगळं त्यांच्यावर शिकता येतं. छाती हरणापेक्षा लहान असते, म्हणून अंतर आणखी कमी ठेवायचं, पंधरा मीटर. मटण चांगलं लागतं, पण म्हाताऱ्या बोकडाचं नाही. आणि माजाच्या काळात सरकारी जंगलात जाणार असाल तर अंगावर भडक रंगाचं काहीतरी घाला, त्या दिवसांत रानात बंदूकवाले बरेच असतात.

नेताना: पाती शाफ्टवरून काढून, टोपण असलेल्या कडक डबीत, धनुष्याच्या केससोबत चेक-इन सामानात. केबिनमध्ये काहीच नाही. आपल्याकडच्या दमट हवेत कार्बन स्टीलच्या पात्यांना पावसाळ्यात गंज धरतो, तेव्हा खोबरेल नको, मशीनचं तेल पातळ लावून ठेवा. न्यूझीलंडमध्ये उतरल्यावर वापरलेले बूट आणि रानातलं सामान यांची प्रवाशाच्या घोषणापत्रात नोंद करावी लागते. बुटांना माती राहिली तर अडवतात. मुलुंडच्या मैदानाची माती घरीच घासून काढा.

शाफ्ट घ्यायच्या आधी मला तीन गोष्टी कळवा: धनुष्यावर ड्रॉ वेट प्रत्यक्ष स्केलवर किती भरतं, तुमच्या आत्ताच्या बाणांची नॉकच्या (दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून शाफ्टच्या तोंडापर्यंतची लांबी, आणि रेस्ट ब्लेडची (पातळ पट्टीची) आहे की ड्रॉप-अवे (बाण सुटताच खाली पडणारी). ब्लेडची असेल तर ती आधी बदलावी लागेल, जड बाणाखाली ती जास्त दबते. या तीन गोष्टी कळल्या की स्पाइन आणि बाणाची लांबी दोन्ही नेमकी सांगता येतील.